चालु

कथेचं पहिलं पान फाटलेलं होतं,
म्हणून लेखकाचं नाव मला आजही माहीत नाही.
साखर पेठेतल्या वाचनालयाचा जुना दिवाळी अंक,
पानांवर कुणाच्या तरी हळदीच्या बोटांचे ठसे.
अम्मा उंबऱ्याशी बसून बिड्या वळत होती,
मांडीवर सूप,
आणि मी वाचत होतो, मराठीचं तेलुगू करत,
एकेक वाक्य उलटं करून.

एका गावात एक माग रात्री आपोआप चालतो.
विणकर मेलेला. कांडी कुणी भरत नाही.
सकाळी हातभर कापड तयार असतं,
आणि ज्यांनी ते पाहिलं त्यांतला एकजण
पुढे जन्मभर भिंतीकडे तोंड करून जेवला.
कापडावर काय होतं?
लेखक लिहितो, नक्षी होती,
ती सांगण्यासारखी नव्हती.
बस. पुढच्या परिच्छेदात हवापाणी.

अम्माची कात्री थांबली.
समोरच्या कारखान्यात बारा माग खडखडत होते.
आमच्या पूर्वभागात तो आवाज कुणाला ऐकू येत नाही,
जसा स्वतःचा श्वास.
त्या संध्याकाळी तिने मान वळवून तो ऐकला.
"दानिमीद एमुंदि?" काय होतं त्यावर?
लिहिलेलं नाही, मी म्हणालो.
"बरं केलं," म्हणाली, आणि दोरा गुंडाळला.
ब्रँचवर कट्टे मोजले तेव्हा
हजारात एक बिडी कमी भरली.
तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

अकरा वर्षांनी त्या कथेवर सिनेमा आला.
मी सूतगिरणीत लागलो होतो,
पहिल्या बोनसातून बाल्कनीची दोन तिकिटं काढली.
अम्माने ठेवणीतलं इरकल नेसलं.
एप्रिल. पंखे गरम हवा ढवळत होते.

कथेत नसलेलं खूप होतं :
एक इन्स्पेक्टर, एक बोबडा नोकर,
धबधब्याखालचं गाणं, तळघरात मांत्रिक.
माग होता, पण धोटा असा पळत होता
की मागच्या रांगेतून मल्लेशम मेरगू ओरडला,
"जॉबर कोण बे याला?"
आणि सगळी बाल्कनी हसली.
शेवटी ते कापड उलगडलं.
नक्षी म्हणजे कवट्या.
डोळ्यांच्या खाचांत लाल बल्ब, त्यातला एक
मांडवातल्या माळेसारखा उघडझाप करणारा.
मग कापडातून रबराचा हात.

मला लाज वाटली, जणू मीच तो हात शिवला होता.
अम्मा पाहत होती,
रेशनच्या रांगेतला चेहरा करून.

आणि लाईट गेली.
पडद्याची, पंख्यांची, आणि भिंतीपलीकडे
अख्ख्या पेठेतल्या मागांची, एकदम.
लाईट रोजच जायची,
पण तेव्हा आपण काहीतरी करत असतो.
इथे सातशे माणसं नुसती बसलेली,
आणि ऐकायला काहीच नाही.

मग शिट्ट्या. खुर्च्या बडवल्या कुणी.
"चालू कर बे! चालू कर!"
माझ्या कानाशी अम्मा म्हणाली, "चालु."
आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
तिने माझं मनगट धरलं होतं.
एवढ्या उकाड्यात तिची बोटं गार.
"कवट्या नव्हत्या," ती म्हणाली.
मग काय होतं?
तेवढ्यात लाईट आली,
रबराचा हात जिथे थांबला होता तिथून हलू लागला,
लोकांनी टाळ्या पिटल्या.

मी पुन्हा विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

परवा मुलीने मोबाईलवर नवा सिनेमा दाखवला, कथा तीच.
नक्षी संगणकावर विणलेली, धागा न् धागा वळवळणारा.
चांगली होती. खरं सांगतो, दचकलो.
रात्री पोटभर जेवलो, मुलीकडे बघत.

समोरचा कारखाना बंद पडला,
बाराही माग किलोवर भंगारात गेले.
कधी दोनच्या सुमारास खडखड ऐकू येते.
कानांची जुनी सवय, असं मी म्हणतो.
खिडकी उघडत नाही.
कूस बदलतो,
भिंतीकडे.